गाळाखालची रेघ

१

रेघोबाचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं. कचेरीत, धक्क्यावर, इतकंच काय घरातसुद्धा तो रेघोबाच. वीस वर्षं माणूस रेघाच बघत बसला तर दुसरं काय होणार?

काम म्हटलं तर सोपं. बोटीच्या कडेला दांड्यावर एक पिवळा डबा बांधलेला असतो, तो पाण्यात बुडवायचा. डबा सेकंदाला चार वेळा ‘टक्’ करतो. तो आवाज खाली जातो, थोडा तळावर आपटून परत येतो, थोडा गाळात शिरतो आणि खालच्या वाळूवर, चिकणमातीवर आपटून मग परत येतो. जे जे परत येईल त्याची पडद्यावर रेघ उमटते. सर्वांत वर तळाची रेघ, तिच्याखाली थरांच्या. पाणी उथळ असलं की आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये चेंडूसारखा दोनदा उड्या मारतो, आणि मग दुप्पट खोलीवर एक खोटा तळ दिसायला लागतो. खरी रेघ कुठली आणि खोटी कुठली, हे ओळखण्यावर रेघोबाचं पोट चालायचं.

या वेळचं काम सहा दिवसांचं होतं. खाडीच्या पलीकडच्या वस्तीला प्यायच्या पाण्याची पाइपलाइन न्यायची होती, तिच्या वाटेवरचा गाळ बघायचा. सोमवारी सकाळी गाळ कापणारं जहाज येणार आणि तीन-चार मीटर खोल चर खणत जाणार. शनिवारी संध्याकाळपर्यंत अहवाल हवा होता.

गेल्या वर्षी याच पाण्यात, याच बोटीवरून रेघोबा पडला होता. डब्याचा नट आवळायला वाकला, पाय घसरला, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पाण्याने भरून त्याला घेऊन खाली गेले. सहा मीटर पाणी आणि त्याखाली लोण्यासारखा मऊ गाळ. तो कमरेपर्यंत रुतला. पुढचं त्याला एवढंच आठवत होतं, की डोक्यावर मशीनची टक् टक् स्पष्ट ऐकू येत होती आणि त्याच्या मनात आलं होतं, वरच्या पडद्यावर आता माझी रेघ उमटत असेल. मग काही नाही. मग बोटीची फळी, आणि छातीवर दाब देणारे आप्पांचे हात.

आप्पा म्हणजे बोटीचे चालक. साठी उलटलेली, बोलणं मोजकं, हात मात्र अजून लोखंडाचे. त्या दिवसापासून रेघोबाने आप्पांना डोक्यावर घेतलं होतं. बायको रोज दोन डबे भरायची, एक नवऱ्याचा आणि एक आप्पांचा. थंडीत आप्पांना स्वेटर गेला, पावसाळ्यात छत्री गेली. “कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटायचे नाहीत,” असं रेघोबा भेटेल त्याला सांगायचा. आप्पा शेजारीच उभे असले तर मान फिरवून इंजिनकडे बघायचे आणि म्हणायचे, “पुरे रे आता.” रेघोबाला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात.

तो स्वतः तर पार बदलून गेला होता. पूर्वी चहा गार मिळाला की दिवसभर तोंड वाकडं करून बसणारा माणूस आता गार चहालाही ‘वा!’ म्हणायचा. बायकोचं घोरणं ऐकून त्याला बरं वाटायचं. आपण जिवंत आहोत ही गोष्ट त्याला रोज सकाळी नव्याने कळायची, आणि रोज तितकीच गोड लागायची.

२

कामाच्या दिवसाची सुरुवात प्लेटने होते. मशीन खोली बरोबर दाखवतंय की नाही, हे आधी पडताळायचं असतं. त्यासाठी ताटाएवढी एक लोखंडी प्लेट साखळीला आडवी बांधून डब्याच्या बरोबर खाली सोडायची. साखळीवर दर मीटरला लाल रंगाची खूण असते. एक मीटरवर थांबायचं, दोनवर, तीनवर, चारवर. पडद्यावर प्लेटची रेघ त्या त्या खोलीला दिसली पाहिजे. दिसली की प्लेट वर ओढायची आणि कामाला लागायचं. हे करायला बोट स्थिर लागते. खाडीत जुन्या धक्क्याचा एक खांब उभा होता, त्याला बोट बांधली की ती हलायची नाही. रेघोबा पडला होता तो याच खांबापाशी. पण त्याला त्या जागेचा राग नव्हता. उलट पहिल्या सकाळी बोट बांधल्यावर त्याने पाण्याकडे बघून मनातल्या मनात हात जोडले.

आप्पांनी प्लेट सोडली. केबिनमध्ये रेघोबा पडद्यासमोर बसला. केबिन म्हणजे काय, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर श्वास घ्यायचा एवढी जागा. खिडकीच्या काचेवर मिठाचा पापुद्रा, खुर्चीचा फाटका फोम, आणि डब्याची टक् टक्.

“एक!” आप्पा बाहेरून ओरडले.

“एक, बरोबर.”

“दोन!”

असं चारपर्यंत झालं. तळ सहा मीटरवर ठळक होता, त्याखाली गाळ, त्याखाली वाळू. मग आप्पा प्लेट ओढायला लागले, आणि रेघोबाला गाळाच्या आत, नऊ मीटरवर, एक छोटी आडवी रेघ दिसली. प्लेटच्या रेघेएवढीच लांब. बोट बांधलेली असली की पडद्यावर रेघ पुढे सरकते ती जागेने नाही, वेळेने. प्लेटची रेघ पायऱ्या चढत वर चालली होती, आणि तिच्यामागून ही खालची रेघसुद्धा चढत होती. अगदी सावकाश. प्लेट बोटीत आली तेव्हा खालची रेघ आठ मीटरवर येऊन थांबली.

‘प्लेटचाच खोटा प्रतिध्वनी,’ रेघोबाने स्वतःला सांगितलं. पण वीस वर्षांची सवय गप्प बसेना. खोटा प्रतिध्वनी प्लेटच्या दुप्पट खोलीवर दिसतो. प्लेट चारवर असेल तर तो आठवर, दोनवर असेल तर चारवर, आणि प्लेट बोटीत आली की तो नाहीसा होतो. ही रेघ प्लेट बोटीत आल्यावरही आठ मीटरवर होती.

“काय झालं रे?” आप्पांनी आत डोकावलं.

“काही नाही. चला, कामाला लागू.”

३

दुसऱ्या दिवशी ती सातवर आली. तिसऱ्या दिवशी सहावर, आणि तळाच्या रेघेत मिसळून गेली.

पाइपलाइनच्या कामावर एक इंजिनिअरबाई होती. वयाने रेघोबापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण कामात एकदम वाघीण. तिची कचेरी म्हणजे धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमधली एक खोली. भिंतीवर नकाशे, टेबलावर नकाशे, पंखा लावला की सगळे नकाशे फडफडायचे, म्हणून पंखा बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी रेघोबाने तिच्यासमोर तीन दिवसांच्या छापील पट्ट्या मांडल्या.

“गॅस,” ती म्हणाली. “गाळात कुजलेलं काहीबाही असतं, त्याचा बुडबुडा धरतो. तो वर सरकतो. तुम्हीच मला शिकवलंत.”

“बुडबुडा रोज सकाळी सव्वासातलाच सरकतो का, बाई?”

“भरती-ओहोटी असेल. पाण्याचा दाब बदलला की गॅस हलतो.”

“भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे जाते. ही जात नाही.”

ती हसली. “मग तुमच्या प्लेटवर तिचं प्रेम बसलं असेल. रेघोबा, मला एवढंच सांगा, चर खणायला अडथळा आहे का? दगड, जुनं लोखंड, बुडालेली होडी?”

तिचंही चुकत नव्हतं. वस्तीतली माणसं दोन वर्षं टँकरची वाट बघत होती. रेघोबाने पट्ट्या गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने एक गंमत केली. सकाळी प्लेट सोडलीच नाही. आधीच्या दिवसाची पडताळणी पुरे म्हणून तसंच काम सुरू केलं. खांबाजवळून बोट गेली तेव्हा तळ साफ दिसला. मग अकरा वाजता त्याने बोट खांबाला बांधायला सांगितली.

“आता?” आप्पा म्हणाले.

“आता सोडा प्लेट.”

एक, दोन, तीन, चार. मग वर. अकरा वाजून नऊ मिनिटांनी तळाच्या रेघेतून एक छोटी रेघ सुटी झाली आणि वर यायला लागली. पाच मीटरवर थांबली. आता ती गाळात नव्हती, पाण्यात होती. तिच्याखाली तळ दिसत होता आणि तळात, जिथून ती सुटली होती तिथे, एक खळगा होता.

दुसऱ्यांदा प्लेट सोडून बघायचा धीर त्याला झाला नाही. दुपारी बोट तीन फेऱ्यांत त्या जागेवरून गेली तेव्हा पाच मीटरवर पालथ्या वाटीसारखी खूण उमटली. पाण्यात अधांतरी असलेल्या वस्तूची खूण अशीच येते. मासे असते तर हलले असते. तिन्ही फेऱ्यांना ती तिथल्या तिथेच होती.

४

त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला. स्वयंपाकघरात बायको कणीक मळत होती. तो ओट्याशी स्टूल ओढून बसला आणि तिने न विचारताच सगळं सांगून टाकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली की काही लपवायला जास्तीचे कष्ट पडतात.

तिने ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

“घाबरलायस?” तिने विचारलं.

“हो. पण नुसतं घाबरल्यासारखं नाही वाटत. कुणीतरी ओळखीचं दाराशी येऊन उभं राहावं आणि आपल्याला चेहरा आठवू नये, तसं वाटतं.”

तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि त्याच्यासमोर बसली.

“तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तू दवाखान्यातून घरी आलास ना, तेव्हा मी तुझ्या पायांना तेल लावायचे. आठवतं?”

“आठवतं की. बूट गाळात गेले, पाय सोलवटले होते.”

“सोलवटले नव्हते. तळपायांवर वळ होते. काळेनिळे.”

“बोटीच्या शिडीचे असतील. शिडीच्या लोखंडाचे.”

“मीही तेच म्हटलं. डॉक्टरही तेच म्हणाले. रेघोबा, शिडीचे वळ आडवे आणि सरळ उठतात. तुझे बोटांचे होते. आणि खूप होते. मी मोजायला लागले आणि मग मोजायचं सोडून दिलं. म्हटलं, माणूस परत मिळालाय ना, मग हिशोब कशाला करत बसायचा?”

कुकरची शिट्टी झाली आणि दोघंही दचकले. मग दोघांनाही हसू आलं.

“आप्पांनी तुला वरून ओढलं,” ती म्हणाली, “वरून ओढणारा माणूस तळपायाला हात कसा लावेल?”

रेघोबाने पाय वर घेऊन स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवले. खाली फरशी होती, स्वच्छ पुसलेली, रोजची. तरीही पाय खाली सोडावेसे त्याला वाटेनात.

“ज्याने कुणी खालून दिलं असेल,” बायको उठता उठता म्हणाली, “त्याचं भलं होवो. मी तर रोज म्हणते.” आणि तिने दुसऱ्या दिवशीच्या दोन डब्यांसाठी भाजी चिरायला घेतली.

५

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, प्लेट वर येऊन पोचली तेव्हा ती रेघ चार मीटरवर होती. रेघोबाने मशीन चालूच ठेवलं आणि आप्पांना आत बोलावलं.

आप्पा चाळीस वर्षं बोटीवर होते, पण त्यांनी पडद्याकडे कधी बघितलं नव्हतं. ‘तुमची रांगोळी तुम्हीच बघा’ असं म्हणायचे. आज ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. रेघोबाने पाची दिवसांच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार.

“आपण प्लेट ओढतो,” रेघोबा म्हणाला, “आणि ते मागून येतं. रोज एक मीटर. आप्पा, रोज आपणच त्याला वर बोलावतोय.”

डब्याची टक् टक् चालली होती. मग आप्पा फळीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मी तुला काढलं नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“वर्षभर तुझ्या घरचं खातोय. एक घास गोड लागला नाही. मी तुला काढलं नाही रे. तू पडलास, मी दोर टाकला, गळ टाकला, काही लागेना. मग तू आलास. आपणहून. उभाच्या उभा. कमरेपर्यंत पाण्याबाहेर, डोळे मिटलेले, हात लोंबलेले. लहान मूल उचलून कुणी दुसऱ्याच्या हातात देतं ना, ‘घ्या’ म्हणून, तसा. माझ्यापासून हातभर अंतरावर.”

“मग?”

“मग मी घेतलं नाही.” आप्पांचा आवाज फाटला. “माझे हातच उचलेनात. मी बघत राहिलो. तू खाली गेलास. पुन्हा वर आलास, तसाच. मी तरीही घेतलं नाही. वाटलं, याला हात लावला तर खालचं जे आहे ते मलाही धरेल. तिसऱ्यांदा आलास तेव्हा पाणी तुझ्या नाकाला लागलं होतं. मला वाटलं, खालचे हात थकले. तेव्हा कुठे मी तुझी कॉलर धरली.”

बाहेर बोट खांबाला हळूच घासली. रेघोबाला राग यायला हवा होता. तो मनात राग शोधत राहिला, आणि त्याला तिथे तळपाय सापडले, अधांतरी, कुणाच्या तरी हातांवर ठेवलेले.

“तिसऱ्यांदा तर घेतलंत ना,” तो म्हणाला. “तुम्ही नसतात तर चौथ्यांदा कोण होतं? जेवणाचा डबा बंद करायचा नाही, आप्पा. बायको मला घराबाहेर काढेल.”

आप्पांनी बाहीने डोळे पुसले.

“एक सांगू?” रेघोबा पडद्यावरच्या पहिल्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला. “गाळात उभं राहून दुसऱ्याला उचललं, की उचलणारा खाली जातो. एकदा उचललं की थोडा, तीनदा उचललं की जास्त. तळ सहावर आहे. पहिल्या दिवशी ही रेघ नऊवर होती.”

आप्पांनी पट्टीकडे बघितलं. “तीन मीटर,” ते हळूच म्हणाले.

“वर्षभर.”

६

दुपारी तो पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये गेला. वाटेत त्याने दहा वेळा स्वतःला समजावलं. लोखंडाचा तुकडा असेल. प्लास्टिकचं पिंप असेल, हवा भरलेलं. गॅसमुळे गाळातून सुटलं असेल आणि वर येत असेल. पण पिंप रोज प्लेटच्या मागून मीटरभरच चढून का थांबतं, एवढंच काय ते समजावता येत नव्हतं.

“चर चाळीस मीटर बाजूला घेता येईल?” त्याने विचारलं.

इंजिनिअरबाईने पेन खाली ठेवलं. “कारण?”

“खांबापाशी काहीतरी आहे.”

“काय आहे?”

रेघोबाने नकाशावर खांबाच्या जागी बोट ठेवलं. वीस वर्षांत त्याने पट्टीवर नसलेली गोष्ट अहवालात लिहिली नव्हती आणि असलेली गोष्ट पुसली नव्हती. खोटाच एक खडक लिहिला असता तर काम झालं असतं. पण डावीकडे खरोखरच खडक होता, तो तिसऱ्याच दिवशी त्याच्या रेघांवर आला होता, आणि ते तिलाही माहीत होतं.

“रेघोबा,” ती मऊ आवाजात म्हणाली, “तुमच्या रेघांवर माझा डोळे झाकून विश्वास आहे. तुम्ही गेल्या वर्षी तिथेच पडलात, तेही मला माहीत आहे. त्या जागेवरून जाताना माझासुद्धा जीव वरखाली झाला असता. पण डावीकडे खडक, उजवीकडे गाळ दुप्पट. खांबाजवळूनच जावं लागणार. सोमवारी सातला पातं फिरायला लागेल. तुम्हाला ते तिथून काढून घ्यायचं असलं, तर उद्याचा दिवस आहे तुमच्याकडे.”

आपण एखाद्या बुडालेल्या वस्तूबद्दल बोलतोय, असंच तिला वाटत असणार. रेघोबाने तिचे आभार मानले, आणि अगदी मनापासून मानले. कारण तिने सरळ सोप्या शब्दांत तेच सांगितलं होतं, जे त्याला सकाळपासून स्वतःशीसुद्धा बोलता येत नव्हतं.

गाळ कापायचं पातं त्याने पाहिलेलं होतं. माणसापेक्षा उंच गोळा, त्यावर दात. ते समोर काय आहे ते बघत नाही.

७

शनिवारी पाणी सपाट होतं आणि ऊन लख्ख. आप्पांनी बोट खांबाला दोन दोरांनी बांधली, नेहमी एकाने बांधत. दोघांचे डबे केबिनच्या कोपऱ्यात एकमेकांना टेकून ठेवले होते.

“नाही सोडली प्लेट तर?” आप्पांनी विचारलं.

“तर सोमवारी ते तिथेच असेल, चार मीटरवर. चर खणणारं जहाज बरोबर तिथून जाईल.”

“आणि सोडली तर?”

“मला माहीत नाही, आप्पा.”

आप्पांनी मान हलवली. त्यांनी प्लेट उचलली, दोन्ही हातांत धरली आणि कडेवरून खाली सोडली. रेघोबा पडद्यासमोर बसला.

“एक!”

“एक, बरोबर.”

“दोन!”

चार मीटरवरची रेघ सकाळपासून तिथेच होती, न हलता. मात्र आज ती रोजच्यापेक्षा जाड होती. प्लेटची रेघ पायरीपायरीने तिच्याकडे उतरत होती. तीन. साडेतीन. मग दोन रेघांची एक झाली.

बाहेर आप्पा ‘चार’ म्हणाले नाहीत.

रेघोबा बाहेर आला. साखळी आप्पांच्या हातातून सैल लोंबत होती. चौथी लाल खूण पाण्याच्या वर वाकडी पडली होती.

“तळाला टेकली का?” रेघोबाने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. तळ अजून दोन मीटर खाली होता.

“कुणीतरी धरली,” आप्पा म्हणाले.

रेघोबा आत गेला आणि त्याने मशीन बंद केलं. टक् टक् थांबली. सहा दिवस कानात बसलेला आवाज गेला तसं सगळं पाणी एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. आता पडद्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो आप्पांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने साखळी धरली.

साखळी ताठ झाली. वजन आलं.

झटका नव्हता, ओढ नव्हती. शिडीवर कुणी हळूच पाय ठेवावा आणि मग अंगाचा भार टाकावा, तसं वजन आलं आणि वाढत गेलं. बोट त्या बाजूला कलली. केबिनमधले डबे घरंगळले.

रेघोबाने माणसाचं वजन अंदाजाने ओळखलं असतं. हे त्याहून खूप जास्त होतं. बाजूला बघायची त्याची हिंमत होत नव्हती, कारण आप्पांनी साखळी सोडली असती तर तो त्यांना दोष देणार नव्हता, आणि एकट्याने हे वर येणार नव्हतं.

“या वेळी पहिल्यांदाच घेऊ,” आप्पा दात आवळून म्हणाले. “ओढ.”

दोघांनी ओढलं. तीनची खूण बोटीत आली. मग दोनची. साखळीवरून गाळाचं पाणी त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि ते गार नव्हतं. रेघोबा घाबरला होता. आणि तरीही, त्याला स्वतःचंच नवल वाटलं, भीतीच्या खाली, वर्षभर रोज सकाळी वाटायचं तेच त्याला वाटत होतं. मी आहे. कुणीतरी मला दिलं, म्हणून मी आहे.

एकची खूण वर आली. तपकिरी पाण्यात प्लेटची कड फिकट दिसायला लागली.

कडेवर बोटं होती. बोटीच्या बाजूने होती, खांबाच्या बाजूने होती, दोन्ही अंगांनी होती. एकाला एक लागून, चहूबाजूंनी, प्लेटची कड कुठे म्हणून मोकळी राहिली नव्हती. आणि ज्या बोटांना कडेवर जागा मिळाली नव्हती, त्यांनी शेजारच्या मनगटांना धरलं होतं.

आप्पांनी साखळी बोटीच्या खुंटाला दोन वेढे देऊन घट्ट केली आणि हात रिकामे केले.

रेघोबाने बोटं मोजली नाहीत. बोटीच्या कडेवर पोट टेकवून तो खाली वाकला, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले आणि म्हणाला, “या. घाई नाही. एकेक करून या.”